हातबॅटरीचें वंगण

ज्या वस्तूस आपण घरांत नुसतें ‘बॅटरी’ म्हणतों ती खरें पाहतां बॅटरी नव्हे. ती हातांत धरण्याची विजेची बत्ती होय. तिच्या पोटांत जे सेल असतात त्यांच्या समुच्चयास बॅटरी हें नांव शोभतें. परंतु रूढीपुढें शास्त्राचें फारसें चालत नाहीं. म्हणून आम्हीहि या लेखांत तिला हातबॅटरीच म्हणूं. अशा बत्तीचें एक प्रारंभींचें पेटंट अमेरिकेंत डेव्हिड मिसेल यांस १८९९ सालीं मिळालें. तेव्हांपासून तिचा दिवा पालटला, सेल पालटले, अंग पालटलें. पण आटे फिरवून झांकण उघडावें व बंद करावें ही युक्ति मात्र अद्याप बहुतेक बॅटऱ्यांत तशीच राहिली आहे. या आट्यांना व त्यांच्याजवळच्या रबरी कड्याला कोणतें वंगण लावावें, हा आजच्या पाठाचा विषय.

विषय क्षुल्लक वाटेल. पण तसा तो नाहीं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें दगावलीं, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा अंदाज संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केला आहे. आणि त्यांतील जवळजवळ निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आहेत. बांधावरून रात्रीं जाणाऱ्या शेतकऱ्यास, परसांत उतरणाऱ्या मुलास, गोठ्यांत डोकावणाऱ्या माउलीस पायांपुढें उजेड असणें याची किंमत ह्या आंकड्यांवरून कळेल. आणि नेमक्या ह्याच चार महिन्यांत हातबॅटरींत पाणी शिरतें. आंत गंज धरतो, झांकण घट्ट बसून उघडेनासें होतें, किंवा बत्ती लुकलुकते आणि विझते. अशा वेळीं आपण सेलला दोष देतों. परंतु पुष्कळदां दोष असतो तो झांकणाशीं बसविलेल्या एका बारीक रबरी कड्याचा, व त्याहूनहि अधिक, त्या कड्यास लाविलेल्या चुकीच्या तेलाचा.

घरांत आटे करकरूं लागले म्हणजे वडील माणसें हाताशीं येईल तें लावतात: कोणी खोबरेल, कोणी शिवणयंत्राचें तेल, कोणी व्हॅसेलीन. झांकण तात्काळ सुरळीत फिरूं लागतें व सर्वांचें समाधान होतें. पण आटे धातूचे आहेत आणि कडें रबराचें आहे. जें धातूस मानवतें तें रबरास मानवेलच असें नाहीं. म्हणून या पाठाचें सार प्रारंभींच सांगून ठेवतों: वंगण निवडतांना धातूला विचारूं नये, रबराला विचारावें.

आट्यांचें दुखणें

प्रथम आट्यांकडे पाहूं. पूर्वींच्या बॅटऱ्या पितळेच्या किंवा पत्र्याच्या असत. हल्लीं चांगल्या बॅटऱ्या बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या व स्वस्त बॅटऱ्या प्लॅस्टिकच्या असतात. ॲल्युमिनियम हा मऊ धातु आहे. पण त्यास हवा लागतांच त्याच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर बसतो, आणि हा थर अतिशय कठीण असतो. माणिक व नील हीं रत्नें रासायनिक दृष्ट्या ह्याच द्रव्याचीं बनलेलीं आहेत, हें सांगितलें म्हणजे त्याच्या काठिण्याची कल्पना येईल. कोरडे आटे एकमेकांवर घासले म्हणजे मऊ धातु खरवडला जातो, त्याचे कण हवेंत ऑक्साइड बनतात, आणि ते कठीण कण कुरुंदाच्या भुकटीप्रमाणें आट्यांस अधिकच झिजवितात. जुन्या बॅटरीच्या आट्यांवर जो काळसर चिखल दिसतो तो नुसता मळ नव्हे. ती बॅटरीच्याच अंगाची माती होय. वंगणाचें पहिलें काम हें कीं, दोन पृष्ठभागांमध्यें पातळ पडदा धरून ही झीज थांबवावी.

पुष्कळ बॅटऱ्यांत हा ऑक्साइडचा थर अम्लांत विजेच्या साहाय्यानें मुद्दाम जाड केलेला असतो. त्या क्रियेस ॲनोडायझिंग म्हणतात. असा थर झिजेस टिकतो आणि विजेचा प्रवाह अडवितो. ज्या बॅटरीचे आटे असे केलेले असतात व जिचा प्रवाह अंगांतून मागच्या झांकणाकडे जातो, तिचें झांकण किंचित् सैल केलें म्हणजे मंडल तुटतें व पिशवींत चुकून कळ दाबली गेली तरी दिवा लागत नाहीं. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अशा बॅटरींत प्रवाह जातो तो आट्यांतून नव्हे, तर नळीच्या तोंडाची जी उघड्या धातूची चकचकीत कडा झांकणास टेकते तिच्यांतून. वंगण आट्यांचें आहे, त्या कडेचें नव्हे. ती कडा नेहमीं पुसून स्वच्छ व कोरडी ठेवावी, कारण साधें ग्रीस विजेचा प्रवाह वाहून नेत नाहीं.

कड्याचें काम

आतां रबरी कड्याकडे वळूं. त्याचा छेद वाटोळा असून आकार इंग्रजी ‘ओ’ अक्षरासारखा असतो, म्हणून कारागीर त्यास ‘ओ-रिंग’ म्हणतात. डेन्मार्कमध्यें जन्मलेले व पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेले नील्स क्रिस्टेन्सेन यांनीं १९३७ सालीं ह्या कड्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला व १९३९ सालीं तें त्यांस मिळालें. युक्ति अशी: कडें ज्या खांचेंत बसतें ती खांच त्याच्या जाडीपेक्षां किंचित् उथळ ठेवावयाची. झांकण बसलें म्हणजे कडें थोडें दाबलें जातें व दोन्ही बाजूंच्या धातूस घट्ट टेकतें. बाहेरून पाण्याचा दाब आला म्हणजे तो दाबच कड्यास खांचेच्या एका बाजूस लोटतो, आणि कडें अधिकच घट्ट बसतें. शत्रूच्या बळानेंच दार बंद व्हावें, असा हा प्रकार आहे.

यावरून स्पष्ट होईल कीं, पाणी अडविण्याचें काम कडें करतें, ग्रीस नव्हे. आट्यांत ग्रीसचा गोळा भरला म्हणजे पाणी येणार नाहीं, ही समजूत खोटी आहे. ग्रीसचें काम एवढेंच कीं, झांकण फिरतांना कडें कोरड्या धातूवर ओढलें जाऊं नये, पिळलें जाऊं नये, व आट्यांच्या धारेनें त्यास चीर पडूं नये. कड्याचा आकार शाबूत राहिला पाहिजे. सारें त्यावर अवलंबून आहे.

कोणी म्हणेल, ‘आमची बॅटरी कोठें समुद्रांत बुडते? ती नुसती ओहोळांत पडते.’ त्यास थोडें गणित सांगतों. समजा, दिवा बराच वेळ जळून आंतील हवा ५० अंश सेल्सिअस झाली आहे. त्याच वेळीं सेल बदलून झांकण लाविलें, आणि बॅटरी २० अंशांच्या ओहोळांत पडली. निरपेक्ष शून्यापासून मोजल्यास हीं तापमानें ३२३ व २९३ अंश होतात. बंद जागेंतील हवेचा दाब ह्याच प्रमाणांत उतरतो. म्हणजे तो शेंकडा ९ हून थोडा अधिक कमी होतो. वातावरणाचा दाब सुमारें १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. म्हणून वीतभर पाण्यांत पडलेल्या ह्या बॅटरीवर जवळजवळ एक मीटर खोल बुडाल्यासारखा भार येतो. कडें चिरलेलें किंवा फुगलेलें असेल तर बॅटरी पाणी अक्षरशः शोषून घेते. बॅटरीच्या खोक्यावर ‘आयपीएक्स ७’ अशी खूण असल्यास तिचा अर्थ एक मीटर पाण्यांत अर्धा तास टिकण्याची कसोटी, असा आहे. परंतु ती कसोटी नव्या, धड कड्याची होय.

कडें लहान म्हणून त्याची हेळसांड करूं नये. २८ जानेवारी १९८६ या दिवशीं अमेरिकेचें ‘चॅलेंजर’ हें अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनीं नष्ट झालें व त्यांतील सातहि प्रवासी मृत्यु पावले. त्याच्या अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडीं त्या दिवशींच्या थंडींत आपली लवचीकता गमावून बसलीं होतीं. चौकशीमंडळापुढें रिचर्ड फाइनमन या पदार्थविज्ञानवेत्त्यानें त्या रबराचा तुकडा चिमट्यांत दाबून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यांत बुडविला, आणि चिमटा काढल्यावर तो तुकडा लगेच उसळून पूर्ववत् होत नाहीं हें सर्वांस दाखविलें. रबराचा प्राण लवचीकपणांत आहे. तो थंडीनें जातो, म्हातारपणानें जातो, आणि अयोग्य तेलानेंहि जातो. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातीं नाहींत. तिसरी पूर्णपणें आपल्या हातीं आहे.

रबराच्या जाती

रबर हें एकच द्रव्य नव्हे. हातबॅटरीच्या संबंधानें चार जाती ओळखल्या म्हणजे पुरे.

पहिली, झाडाच्या चिकापासून होणारें नैसर्गिक रबर. जुन्या बॅटऱ्यांचे वायसर व आपल्या घरांतील रबरबँड बहुधा ह्याचे असतात. खनिज तेलानें तें फुगतें व पिठूळ होतें. दुसरी, नायट्राइल रबर. हें १९३० नंतरच्या दशकांत जर्मनींत तयार झालें. खनिज तेल व पेट्रोल यांस तें चांगला दाद देत नाहीं, म्हणून यंत्रांत व बॅटऱ्यांत तें फार आढळतें. तिसरी, ईपीडीएम. हें ऊन व पाणी उत्तम सोसतें, पण खनिज तेलांत पार बिघडतें. चौथी, सिलिकोन रबर. हें थंडी व उष्णता दोन्ही सोसतें. मात्र सिलिकोन तेलांतच तें फुगतें.

हें असें कां व्हावें? रसायनशास्त्राचा एक साधा नियम आहे: सजातीय द्रव्यें एकमेकांत मिसळतात. नैसर्गिक रबर व ईपीडीएम हीं कर्ब आणि उज्ज यांचीं बनलेलीं आहेत, आणि खनिज तेलहि त्याच दोहोंचें. म्हणून तेलाचे रेणु रबरांत शिरून त्यास फुगवितात. सिलिकोन तेल सिलिकोन रबरांत शिरतें तेंहि ह्याच न्यायानें. नायट्राइलच्या रेणूंत मात्र नत्राचा अंश असतो, त्यामुळें खनिज तेलाशीं त्याचें सूत जमत नाहीं, व तेंच त्याच्या रक्षणास कारण होतें.

कडें कोणत्या जातीचें आहे हें बॅटरीबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांत पाहावें. केवळ रंगावरून निर्णय करूं नये. काळें कडें पुष्कळदां नायट्राइल असतें, पण ईपीडीएमहि काळेंच असतें. पांढरें, तांबडें, किंवा अंधारांत चमकणारें कडें असल्यास तें सिलिकोन असण्याचा संभव मोठा.

वंगणांची परीक्षा

आतां एकेक वंगण घेऊन पाहूं.

स्वयंपाकघरांतील तेलें. करडई, जवस यांसारखीं तेलें हवेंतील प्राणवायु घेऊन हळूहळू चिकट होतात. डब्याच्या बाहेर ओघळलेलें तेल कसें चिवट होतें हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. खोबरेल तितकें चिवट होत नाहीं. पण तें खवट होतें, धूळ धरतें, आणि थंडींत बाटलींत गोठतें तसें आट्यांतहि गोठतें. हीं वापरूं नयेत.

शिवणयंत्राचें तेल. हें शुद्ध, पातळ खनिज तेल. तें आट्यांत ठरत नाहीं, ओघळून सेलकडे व कांचेकडे जातें. शिवाय कडें नायट्राइल नसेल तर त्यास अपाय करतें.

व्हॅसेलीन व मोटारीचें ग्रीस. व्हॅसेलीन हें रॉबर्ट चीझब्रो यांनीं १८७२ सालीं पेटंट घेतलेलें खनिज तेलाचेंच मऊ रूप. मोटारीचें साधें ग्रीस म्हणजे खनिज तेल धरून ठेवणारा साबणासारख्या द्रव्याचा जणुं स्पंज. कडें निश्चित नायट्राइल असेल तर हीं चालतात. तसा निश्चय नसेल तर लावूं नयेत. प्लॅस्टिकच्या बॅटरीसहि हीं लावूं नयेत, कारण कांहीं प्लॅस्टिकांस खनिज तेलानें बारीक चिरा जातात.

फवाऱ्याच्या डब्यांतील तेल. ‘डब्ल्यूडी-४०’ हें त्यांतील प्रसिद्ध नांव. १९५३ सालीं अमेरिकेंत तें तयार झालें तें धातूवरील पाणी हटविण्यासाठीं, आणि चाळिसावा प्रयत्न सफल झाला म्हणून त्यास हें नांव पडलें. अडकलेला आटा सोडविण्यास तें उपयोगी आहे. पण त्याचा बराच भाग उडून जातो व मागें राहणारा पडदा फार पातळ असतो. आटा सुटला कीं तें पुसून काढावें. त्यास कायमचें वंगण समजूं नये.

ग्राफाइट व तांब्याची पूड घातलेलें ग्रीस. वीज वाहून नेईल म्हणून हें लावण्याचा मोह होतो. पण ग्राफाइट किंवा तांबें एकीकडे, ॲल्युमिनियम दुसरीकडे, आणि मध्यें कोंकणच्या हवेंतील खारा ओलावा, म्हणजे व्होल्टाच्या सेलाची सारी सामग्री सिद्ध झाली. त्या सेलांत खर्ची पडतें तें ॲल्युमिनियम. पेन्सिलीचें शिसेंहि ग्राफाइटच आहे, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

सिलिकोन ग्रीस. दुसऱ्या महायुद्धांत उंच उडणाऱ्या विमानांच्या प्रज्वलनयंत्रणेंत दमट हवा शिरूं नये म्हणून अशा प्रकारचें लुकण वापरांत आलें. तें पाण्यानें धुवून जात नाहीं, थंडींत फारसें घट्ट होत नाहीं, उन्हाळ्यांत वितळत नाहीं, आणि नैसर्गिक रबर, नायट्राइल व ईपीडीएम या तिन्ही जातींस मानवतें. अवजड यंत्राच्या दांत्यांस तें पुरें पडणार नाहीं. पण हातानें फिरवावयाच्या झांकणास तेवढें सामर्थ्य पुष्कळ झालें. घरोघरीं जे पाण्याचे शुद्धीकरणयंत्र बसविलेले असतात, त्यांच्या डब्यांच्या कड्यांस दुरुस्तीवाले हेंच लावतात. तेव्हां तें मिळणें कठीण नाहीं. कडें सिलिकोनचें असेल तर मात्र हें वर्ज्य.

फ्लोरिनयुक्त ग्रीस. १९३८ सालीं रॉय प्लंकेट यांस जें टेफ्लॉन अकस्मात् सांपडलें त्याची बारीक पूड, फ्लोरिनयुक्त तेलांत घोटलेली. बहुतेक कोणत्याहि रबराशीं ह्याचें वैर नाहीं. सिलिकोनच्या कड्यास, किंवा कड्याची जात मुळींच ओळखतां येत नसल्यास, हें उत्तम. दोष एकच, तें महाग असतें. पण एका लहान नळीवर घरच्या बॅटऱ्यांचीं अनेक वर्षें निघतात.

अडचणीच्या वेळीं कांहींच नसेल तर एरंडेल घ्यावें. एरंडेलाच्या रेणूची घडण खनिज तेलाहून निराळी असल्यामुळें नैसर्गिक रबर त्यानें फारसें फुगत नाहीं. म्हणूनच पूर्वीं मोटारींच्या ब्रेकमध्यें एरंडेल व मद्यार्क यांचें मिश्रण वापरीत. मात्र तें कालांतरानें चिकट होतें, म्हणून योग्य ग्रीस मिळतांच पुसून टाकावें.

घरीं करण्याचा प्रयोग

आमच्या शब्दांवर विश्वास ठेवण्यापेक्षां स्वतः पाहावें. एकाच रुंद रबरबँडाचे ५० मिलिमीटर लांबीचे तीन तुकडे कापा. तीन लहान बाटल्यांत अनुक्रमें शिवणयंत्राचें तेल, एरंडेल व पाणी घेऊन एकेक तुकडा बुडवा. चोवीस तासांनीं काढून पुसा, लांबी मोजा, आणि हलकेच ताणून पाहा. खनिज तेलांतील तुकडा लांब, जाड व दुबळा झालेला दिसेल. इतर दोहोंत फारसा फरक दिसणार नाहीं. बॅटरीच्या कड्याचें अंधारांत काय होतें तें असें उजेडांत दिसतें.

लावण्याची रीत

सेल काढून ठेवावे. कडें लांकडी दांतकोरणीनें काढावें, टांचणीनें किंवा सुरीनें नव्हे. आटे जुन्या दांतांच्या ब्रशानें व सुती फडक्यानें स्वच्छ करावे. काळा चिखल मुळींच राहूं देऊं नये, नाहीं तर नवें वंगण त्या भुकटीस घोटण्याचेंच काम करील. कडें साबणाच्या पाण्यानें धुवून पूर्ण वाळवावें; रॉकेल किंवा पेट्रोल त्यास लावूं नये. तें चपटें झालें असेल, किंवा वांकविल्यावर भेगा दिसत असतील, तर नवें घ्यावें. कोणतेंहि वंगण मेलेल्या रबरास जिवंत करीत नाहीं. मग मोहरीच्या दाण्याएवढें ग्रीस बोटांवर घेऊन कड्यास सर्वत्र इतकें चोळावें कीं त्यावर केवळ ओलसर चमक यावी. आट्यांसहि तितकेंच. झांकण चारपांच वेळां फिरवून बाहेर आलेलें ग्रीस पुसावें, आणि शेवटीं नळीची धातूची कडा व सेलचीं टोकें कोरड्या फडक्यानें पुसावीं. अधिक ग्रीस म्हणजे अधिक रक्षण नव्हे. तें वाळू व धूळ धरून ठेवतें.

हें काम वर्षांतून एकदां मृग लागण्यापूर्वीं करावें, आणि बॅटरी वाळूंत अथवा चिखलांत पडली कीं पुन्हां करावें. पालकांनीं हें काम मुलांकडे सोंपवावें, असें आम्ही सुचवितों. अर्ध्या तासाचें काम आहे. आषाढांतल्या रात्रीं गोठ्याकडे निघालेल्या माणसाच्या पायांपुढें उजेड पडेल कीं नाहीं, हें त्या अर्ध्या तासांत ठरतें.

स्वाध्याय

१. आंतील हवा ४५ अंश सेल्सिअसवरून २५ अंशांवर आली, तर दाब शेंकडा किती उतरेल? तो किती मीटर पाण्याच्या भाराइतका होईल?

२. ईपीडीएमच्या कड्यास व्हॅसेलीन आणि सिलिकोनच्या कड्यास सिलिकोन ग्रीस कां लावूं नये? एकच नियम सांगून दोन्ही उत्तरें द्या.

३. आपल्या घरच्या हातबॅटरीचें कडें काढून तपासा, व त्याची स्थिति चार ओळींत लिहून आणा.